कावळे हाकण्याचं वय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या रविवारच्या वर्गात मी बसलेलो आहे. विहारातली सतरंजी, भिंतीला टेकवून ठेवलेला फळा आणि आम्ही पंधरा-वीस पोरं-पोरी. गुरुजी गोष्ट सांगायचे. गोष्ट संपली की एखाद्याकडे बघून विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि थांबायचे. आम्ही माना खाली घालायचो, चुळबुळ करायचो, तरी ते थांबायचे. आजचं माझं सगळं बोलणं त्या थांबण्यातून आलेलं आहे, म्हणून आधी ते सांगितलं.

विषय असा आहे. बौद्ध घरात जन्मलेलं मूल स्वतःच्या तोंडाने बौद्ध कधी होतं? आणि तो दिवस येईपर्यंत त्याला सांभाळायचं कोणी? हे दोन प्रश्न आपण एकच समजून चालतो. ते एक नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात राजगृहापासून करू. विनयपिटकात एक हकीकत येते. राजगृहात सतरा मुलांचा एक घोळका होता. त्यांचा म्होरक्या उपाली. हा आपल्या ओळखीचा, न्हाव्याच्या घरातून आलेला उपाली नव्हे; हा दुसरा. या उपालीचे आईवडील एकदा आपसात बोलत होते, आपल्यामागे पोराचं कसं होणार? लेखनिक करावं तर त्याची बोटं दुखतील. हिशेबाला बसवावं तर छातीवर ताण येईल. बारीक नजरेचं काम शिकवावं तर डोळे जातील. त्यापेक्षा शाक्यपुत्रीय श्रमण बरे. चांगलं जेवतात, वाऱ्यापावसाच्या आड निजतात. पोराच्या कानावर हे पडलं. तो मित्रांकडे गेला, सतरा जणांनी सतरा घरी परवानगी मागितली, आणि मित्र चाललेत तर हाही जाऊ दे म्हणून सतराही घरांनी ती दिली. भिक्खूंनी त्यांना थेट उपसंपदा दिली, म्हणजे पुरतं भिक्खू करून घेतलं.

आणि मग रात्र झाली. पहाटे ही मुलं उठून रडायला लागली. पेज द्या, भात द्या, काहीतरी खायला द्या. भिक्खू समजावतात, बाळांनो, उजाडू द्या, भिक्षेला जाऊ, मिळेल ते खाल. मुलं कसली ऐकतात! रडून रडून त्यांनी अंथरुणं खराब केली. बुद्धांच्या कानावर ते रडणं गेलं आणि त्यांनी आनंदाला विचारलं, हा मुलांचा आवाज कसला?

पुढे नियम झाला. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय उपसंपदा नाही. कारणही सांगितलं आहे: त्याआधी माणसाला थंडी, ऊन, भूक, तहान, डास आणि टोचून बोललेला शब्द सोसत नाही. किती साधं कारण आहे बघा. यात पूर्वजन्म नाही, मुहूर्त नाही, कुळ नाही. भूक आणि डास आहेत. धर्माच्या ग्रंथात मुलांनी ओली केलेली अंथरुणं जशीच्या तशी नोंदलेली आहेत, आणि त्या अंथरुणांवरून कायदा झालेला आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट येते. नियम असा झाला होता की पंधरा वर्षांखालच्या मुलाला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खूही, करायचं नाही. तेव्हा आनंदावर श्रद्धा असलेलं एक कुटुंब साथीच्या रोगात गेलं. मागे दोन पोरं राहिली. भिक्खू दिसले की ती सवयीने धावत जायची. भिक्खू त्यांना परत पाठवायचे, आणि ती रडायची. आनंदापुढे पेच पडला. नियम मोडता येत नाही, आणि पोरं तर वाऱ्यावर पडलेली. त्याने बुद्धांना सांगितलं. बुद्धांनी एकच प्रश्न विचारला: आनंदा, ही पोरं कावळे हाकू शकतात का?

हाकतील, भगवन्.

मग घे त्यांना आत.

कावळे हाकता येणं एवढीच अट. म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल आलं. त्याला सुत्त पाठ येतं का, त्याची श्रद्धा पक्की आहे का, असं कोणी विचारलं नाही. त्याला आसरा हवा होता आणि त्याच्या हाताला पेलेल असं छोटं काम त्याला मिळालं.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. आत घ्यायचं वय आहे कावळे हाकण्याचं. शब्द द्यायचं वय आहे विसाचं. मधली तेरा-चौदा वर्षं कशासाठी? शिकण्यासाठी, बघण्यासाठी, आणि हो, नको वाटलं तर घरी परत जाण्यासाठी. श्रामणेर चीवर उतरवून घरी गेला तर त्यात कलंक नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

राहुलाचंही असंच झालं. बुद्ध कपिलवस्तूला आले, मुलाने बापाकडे वारसा मागितला, आणि सारिपुत्ताने त्या पोराला श्रामणेर केलं. तो सात वर्षांचा होता, असं परंपरा सांगते. पण म्हातारे शुद्धोदन खचले. मुलगा गेला, आता नातूही गेला. ते बुद्धांकडे आले आणि म्हणाले, हे दुःख कातडी कापत जातं, मांस कापत जातं, हाडापर्यंत पोचतं. इथून पुढे आईबापांना विचारल्याशिवाय कोणाचं मूल घेऊ नका. बुद्धांनी ते मान्य केलं. ज्यांचं म्हणणं आजपर्यंत सारं जग ऐकतं, त्यांनी आपल्या वडिलांचं ऐकलं आणि नियम केला.

राहुलाला पहिला धडा कशाचा मिळाला? निर्वाणाचा नाही. खोटं न बोलण्याचा. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून बुद्ध म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंच उरतं. मग ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं. चार वेळा भांडं, चार वेळा तीच गोष्ट. पुढे आरशाचा दाखला. आरसा बघण्यासाठी असतो, तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावर बघून घ्यायचं: याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का? लहान मुलाला याहून चांगलं काय शिकवाल? सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटजवळच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपाठ नोंदवले. त्यांतला सातवा हाच आहे, खोटेपणाविषयी राहुलाला केलेला उपदेश. ती शिळा आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

आणि विसाव्या वर्षी उपसंपदा घेतानाही सरळ चीवर अंगावर घालत नाहीत. प्रश्न विचारतात. तू स्वतंत्र आहेस का? तुझ्यावर कर्ज आहे का? तू राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षं पूर्ण झाली का? सुरुवातीला हे प्रश्न भर संघात विचारले जायचे. उमेदवार गांगरायचे, बोलता यायचं नाही. मग ठरलं की आधी त्याला बाजूला न्यायचं, प्रश्न समजावून द्यायचे, भिऊ नको म्हणायचं, आणि नंतर संघापुढे आणायचं. परीक्षेआधी पोराला बाजूला घेऊन धीर देणारी ही रीत आहे.

आता थोडं बाहेरच्या देशांत जाऊन येऊ. म्यानमारमध्ये मुलाचा शिनब्यू, म्हणजे श्रामणेर होण्याचा विधी, झाल्याशिवाय तो मोठा झाला असं मानत नाहीत. पोराला राजपुत्रासारखं सजवतात, घोड्यावर किंवा खांद्यावर बसवून मिरवतात, आणि मग डोकं भादरून चीवर देतात. सिद्धार्थाचं घर सोडणं प्रत्येक घर पुन्हा जगतं. काही दिवसांनी मुलगा घरी येतो. थायलंडमध्ये तरुण लग्नाआधी एक वर्षावास विहारात काढतात. तिथे न गेलेल्याला जुनी माणसं कच्चा म्हणतात, जाऊन आलेल्याला पिकलेला. फळाचा आणि भाताचाच शब्द तो. काठमांडूच्या खोऱ्यात नेवार समाजातले शाक्य आणि वज्राचार्य आपल्या मुलांना चार दिवस भिक्खू करतात. चौथ्या दिवशी मूल म्हणतं की हे मला झेपत नाही, आणि त्याला संसारात परत पाठवतात. सुंदर रीती आहेत. पण एक सांगतो, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या रीती बहुतेक मुलांच्या आहेत. मुलींच्या वाट्याला म्यानमारमध्ये त्याच मांडवात कान टोचणं येतं. विनयात मात्र मुलीचा विचार झालेला आहे: अठराव्या वर्षापासून दोन वर्षं शिक्षमाणा म्हणून सहा नियम पाळायचे आणि मग विसाव्या वर्षी उपसंपदा. ग्रंथात होतं ते समाजाने पुसट केलं.

आणि आता नागपूर. पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जाऊ.

बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती बुद्धचरित्र आलं ते शाळकरी वयात. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी कौतुकाची सभा भरवली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक त्यांना भेट दिलं. ते वाचून या मुलाने वडिलांना विचारलं, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? त्यांत आपल्याबद्दल काय लिहिलंय? वडिलांना प्रश्न आवडला नाही. पण मुलाने विचारला. दुसरीकडे गोव्यात, साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना बुद्ध पहिल्यांदा भेटले ते 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात. तिथून निघून हा माणूस पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचला आणि 1902 मध्ये श्रामणेर झाला. दोन मोठी आयुष्यं. दोघांनाही दार उघडून दिलं ते मराठी छापील पानाने.

मग बाबासाहेबांनी किती घाई केली? 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये 21 वर्षं आणि एक दिवस. एवढा काळ ते वाचत होते, तपासत होते, लोकांशी बोलत होते. भिक्खू व्हायला जेवढं वय लागतं, त्याहून अधिक काळ त्यांनी एका निर्णयाला दिला.

त्या विजयादशमीला नागपुरात मूळच्या ब्रह्मदेशातल्या महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. त्यानंतर बाबासाहेबांनी, म्हणजे एका उपासकाने, समोरच्या लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली आणि स्वतः तयार केलेल्या 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, 22 ऑक्टोबर 1956 ला, थायलंडचे तरुण राजे भूमिबल यांनी प्रथेप्रमाणे चीवर घेतलं आणि पंधरा दिवस बँकॉकच्या विहारात राहून ते पुन्हा सिंहासनावर गेले. एकाच महिन्यातल्या या दोन घटना. राजाने पंधरा दिवसांसाठी घेतलं. नागपूरच्या मैदानावरचा शेतमजूर, गिरणीकामगार, त्याची बायको यांनी जन्मभरासाठी धम्म घेतला, चीवर न घालता. आणि तिथे मुलगे वेगळे, मुली वेगळ्या असं नव्हतं. एकाच श्वासात पुरुष आणि बाई दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या. बौद्ध जगात वयात येण्याचे जेवढे विधी मी वाचले, त्यांत मला याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही.

पण ती पिढी समजून बौद्ध झाली. तुम्ही-आम्ही जन्मून बौद्ध झालो. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध, त्यांतले 65 लाख महाराष्ट्रात. या 65 लाखांतल्या किती जणांना आयुष्यात कोणी कधी विचारलं, तुला काय वाटतं?

मी तेराव्या वर्षी श्रामणेर शिबिराला गेलो. दहा दिवस. मुंडण, चीवर, दहा शील, दुपारी बारानंतर जेवण नाही. तिसऱ्या रात्री माझ्या शेजारचा मुलगा पोटात पाय घेऊन रडत होता. भाकरी पाहिजे म्हणत होता. मला तेव्हा राजगृहातली सतरा मुलं माहीत नव्हती. माहीत असती तर त्याला सांगितलं असतं की तू एकटा नाहीस, तुझ्यासाठी नियम झालेला आहे. सकाळी त्याला सगळ्यांपुढे उभं करून बोलले. तो दुपारी घरी निघून गेला, आणि पुढे कधी विहारात दिसला नाही. दहाव्या दिवशी आम्ही चीवर उतरवलं, 22 प्रतिज्ञा एका सुरात म्हटल्या आणि संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळलो. ते दिवस चांगले होते. वंदना पाठ झाली, पहाटे उठायची सवय लागली. पण त्या प्रतिज्ञा मी दिलेला शब्द नव्हता. ते पाठांतर होतं. पुढे मी अठरा वर्षांचा झालो, वीस वर्षांचा झालो, कोणी मला बाजूला घेऊन काही विचारलं नाही.

म्हणजे आपण उलटं करून बसलो आहोत. आठ वर्षांच्या मुलाकडून शब्द घेतो, आणि वीस वर्षांच्या तरुणाला कावळे हाकायचं काम देतो. जयंतीची वर्गणी गोळा कर, मांडव घाल, डीजे ठरव, मिरवणुकीत झेंडा धर. जयंतीवर माझा राग नाही. एप्रिलमध्ये सगळी वस्ती रस्त्यावर येते तेव्हा माझेही डोळे भरतात. पण वर्षाचे उरलेले दिवस या मुलांना विहारात जागा आहे का?

तरुणांच्या गटांनी काय होतं, हे बौद्ध इतिहासात पहिल्या दिवसापासून दिसतं. वाराणसीच्या शेठजीचा मुलगा यश धम्मात आला. त्याच्यामागून त्याचे चार मित्र आले, मग आणखी पन्नास. पहिले पाच भिक्खू धरले तर साठ होतात, आणि त्यांतले पंचावन्न एका मित्रमंडळातले. धम्म पसरला तो दोस्तीतून. 1898 मध्ये कोलंबोत तरुण बौद्धांची संघटना निघाली, वायएमबीए. 1906 मध्ये तशीच रंगूनला निघाली. विद्यार्थी, तरुण वकील यांचीच ती. पॅगोडात गोऱ्या साहेबांनी बूट घालून यायचं नाही, या एका मुद्द्यावर ती पोरं उभी राहिली, आणि त्यातून पुढे ब्रह्मदेशाची राष्ट्रीय चळवळ वाढली. आपल्याकडे 1927 च्या सुमारास, महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, समता सैनिक दल उभं राहिलं. सभा सांभाळायची, शिस्त राखायची, बायाबापड्यांना सुखरूप घरी पोचवायचं. त्या दलातल्या पोरांनाही काम होतं आणि मान होता. आजही नागपूरच्या नागलोक या केंद्रात 2002 पासून वेगवेगळ्या राज्यांतली, वेगवेगळ्या जातींतली मुलं-मुली एकत्र राहतात, धम्म आणि बाबासाहेब शिकतात आणि आपल्या गावी परत जाऊन काम उभारतात. होत नाही असं नाही. ठरवलं तर होतं.

एक अवघड प्रश्न मला अनेक तरुण विचारतात, आणि तो टाळणं बरोबर नाही. ते म्हणतात, सर, 22 प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञा देव नाकारण्याच्या आहेत. ज्या देवांना मी कधी हातच जोडले नाहीत, त्यांना मी सोडू काय? माझं उत्तर असं. तुझ्या आजीने ते सोडले तेव्हा तिला काय सोसावं लागलं, ते आधी तिला विचार. ती नसेल तर तिच्या शेजारणीला विचार. मग स्वतःकडे बघ. परीक्षेच्या दिवशी मनगटाला दोरा बांधतोस का? लग्न ठरवताना पोटजात बघतोस का? बहिणीला घरात तुझ्याइतकी भाकरी मिळते का? बाबासाहेबांनी त्याच प्रतिज्ञांत खोटं न बोलणं, चोरी न करणं, दारू न पिणंही घातलं आहे, आणि सर्व माणसं समान मानणंही. सोडायला भरपूर आहे रे बाबा. आणि एवढं पाहूनही एखादी मुलगी म्हणाली की मला अजून वेळ हवा, तर तिला वेळ द्या. बाबासाहेबांनी 21 वर्षं घेतली, तिला दोन-चार वर्षं द्यायला आपल्याला काय होतं? तिला सतरंजीवर तीच जागा, तोच चहा, तोच मान मिळाला पाहिजे.

म्हणून जाता जाता तुम्हाला एक काम सांगतो. आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसतो आणि अशोक विजयादशमी वर्षावास संपण्याच्या थोडी आधी येते. मध्ये तीन महिन्यांचा अवधी आहे. आपल्या विहारातल्या, वस्तीतल्या अठरा-वीस वर्षांच्या सगळ्या मुला-मुलींची नावं एका वहीत लिहा. मुलींचीही. शिबिरातून पळून गेलेल्यांचीही. दर रविवारी त्यांच्याबरोबर बसा, 22 प्रतिज्ञा एकेक करून वाचा, त्यांना हवे ते प्रश्न विचारू द्या. विजयादशमीला ज्यांना घ्यायच्या असतील त्यांनी एकेकट्याने, आपापल्या आवाजात घ्याव्यात. आणि लहान पोरं येतील त्यांना विहार झाडू द्या, बोधिवृक्षाला पाणी घालू द्या, कावळे हाकू द्या.

ती वही आज घरी गेल्यावर काढा. प्रत्येक नावापुढे जागा मोकळी सोडा, आणि त्या मुलाला विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा.